हजार वर्षांचं घर

सुइपिंगच्या खिशातला फोन थरथरला तेव्हा ती काचेपलीकडच्या पेटीकडे हात करून शाळेच्या पोरांना सांगत होती, की मुलांनो, हान राजवट बुडाली, थांग आली आणि बुडाली, सोंग, युआन, मिंग, छिंग, एकेक करून सगळे बादशहा मातीला मिळाले, पण या बाईच्या शवपेटीवरचं रोगण दोन हजार वर्षं टिकलं, त्यावर रंगवलेला एक ढगसुद्धा पुसला गेला नाही. हे वाक्य ती वर्षानुवर्षं म्हणत आली होती. ते तोंडात इतकं बसलं होतं की म्हणता म्हणता संध्याकाळी कुठली भाजी करायची याचाही विचार तिला करता येई. संग्रहालयात पाहुण्यांसमोर फोन घ्यायचा नाही असा नियम होता आणि नियम मोडण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तरी तिनं फोन घेतला. गावाकडून चुलतभावाची बायको बोलत होती. "सुइपिंग, काकू जेवत नाहीयेत गं." पोरं काचेला नाकं लावून उभी होती आणि त्यातला एक जाडसा मुलगा मोठ्यानं विचारत होता, "आत कोण आहे? आत अजून कुणी आहे का?" सुइपिंग म्हणाली, "नाही, आत कुणी नाही."

"आजारी आहे का?" तिनं भिंतीकडे तोंड करून विचारलं. "आजारी कसली! ठणठणीत आहेत. तेच तर सांगतेय. सकाळी उठतात, अंगण झाडतात, कोंबड्यांना दाणे टाकतात. मी वाडगा घेऊन गेले की म्हणतात, तुझ्या पोरांना दे, मला भूक नाही. काल निळे कपडे उन्हात घातले होते." वहिनीचा आवाज खाली आला. "ते निळे, पेटीत जाताना घालायचे. मागच्या महिन्यात खुआंग आजीनं असंच केलं होतं, ठाऊक आहे ना तुला?" सुइपिंगला ठाऊक होतं. खुआंग आजी आईच्या शेजारची. ती गेली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या रडल्याच नाहीत म्हणे. मिळवलं बाईनं, असं एकमेकींना म्हणाल्या. स्वतःच्या पेटीत, अख्खीच्या अख्खी, डोंगरावर गेली.

गोष्ट अशी होती की सुइपिंगच्या गावाकडच्या तालुक्यात सप्टेंबरच्या एक तारखेपासून मेलेल्या प्रत्येकाला जाळायचं ठरलं होतं. जमीन थोडी, डोंगरभर थडगी, लाकूडतोड फार, हे सगळं खरंच होतं. त्याआधी ज्यांच्या घरी पेट्या करून ठेवलेल्या होत्या त्यांनी त्या आणून द्यायच्या, बदल्यात पैसे न्यायचे. एक तारखेच्या आत जो मरेल त्याला मात्र आपल्या पेटीतून जायला मोकळीक होती. ही मोकळीक ज्यानं ठेवली तो माणूस दुष्ट नसावा, उलट दयाळूच असावा. पण तारीख घातली की हिशेब आला, आणि म्हाताऱ्या माणसांना हिशेब चांगला करता येतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

बसमध्ये खिडकीशी बसून सुइपिंग गान नदीचं लालसर पाणी मागे पडताना बघत राहिली. नवऱ्याला तिनं फक्त "आईकडे जातेय" एवढं कळवलं होतं. आई जेवत नाही हे वाक्य तिला कुणाजवळ उच्चारावंसं वाटेना. त्या गावात माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न हाच असतो, खाल्लंत का? उत्तर ठरलेलं, खाल्लं, खाल्लं, तुम्ही? लहानपणी, घरात नुसती रताळी उकडून दिवस काढत असतानासुद्धा आई फाटकाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हसून हेच म्हणत असे. आताही म्हणत असेल. खाल्लं, खाल्लं. पुढच्या बाकावरचा माणूस मिरची घातलेल्या तांदळाच्या शेवया ओरपत होता आणि तो वास सगळ्या बसभर झाला होता. एरवी त्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटलं असतं.

ती जन्मली तेव्हा वडिलांनी घरामागच्या उतारावर देवदारची रोपं लावली होती. मुलगी झाली की लावायची, मुलगी मोठी होते तशी झाडं मोठी होतात, लग्नात तोडायची, आणि त्यांच्या पेट्या-पेटारे करून तिच्याबरोबर द्यायचे. आमच्या मुलीचं लाकूड, असं वडील म्हणत. पण मुलगी शिकली, शहरात गेली, तिनं शहरातला नवरा केला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत लाकडी पेटारा जिन्यातूनच वर जाईना. झाडं तशीच राहिली. मग एका अधिक महिन्यात (अशी कामं अधिक महिन्यातच करायची, म्हणजे आयुष्य वाढतं) वडिलांनी सुतार बोलावला आणि त्या लाकडाच्या दोन पेट्या करून घेतल्या. एक त्यांची, एक आईची. गावात त्याला पेटी म्हणत नाहीत. हजार वर्षांचं घर म्हणतात. वडील सुतारावर देखरेख करत, फळीवर बोट आपटून बघत, आणि मध्येच हाक मारत, "सुइपिंगची आई, बाहेर ये, आडवी होऊन बघ, पाय पुरतात का!" आई कमरेच्या फडक्याला हात पुसत आली आणि लाजत लाजत आडवी झाली. मग आतूनच म्हणाली, "बाई बाई, गार किती आहे! उन्हाळ्यात इथंच झोपावं." सगळे हसले. सुइपिंगही हसली होती. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आठवून आता तिला आश्चर्य वाटलं. आपल्या लग्नाचं लाकूड आपल्या आईवडिलांच्या मरणाला लागतंय, आणि अंगणात सगळे हसताहेत.

मग दर वर्षी आई त्या पेटीला रोगण लावू लागली. झाडाच्या चिकाचं ते काळं रोगण ओलं असताना सुइपिंगला सोसत नसे. नुसत्या वासानं तिचं तोंड सुजायचं, डोळे मिटायचे, हाताला चट्टे उठायचे. म्हणून नव्या वर्षाला ती घरी येणार म्हटलं की आई आधीच काम उरकून, खोली बंद करून ठेवायची. तरी वास राहायचाच, आंबूस, मातकट, नाकात चढणारा. बाजूच्या खोलीत दोन बाकांवर ती पेटी, पुढच्या टोकाला लाल कागद, आत न कांडलेला भात भरलेला, कारण घर रिकामं ठेवू नये आणि उंदीरही लागत नाहीत. सुइपिंगची मुलगी लहान असताना लपाछपीत त्या भातावर जाऊन झोपली होती आणि सगळं गाव तिला शोधत होतं. सापडली तेव्हा आईला काय आनंद! पोर आत झोपलं म्हणजे शुभ, म्हणाली, आता मी शंभर वर्षं जगते बघ. वर्षावर वर्षं थर चढत गेले. वडील आपल्या घरी डोंगरावर निघून गेले. आईची पेटी इतकी काळी, इतकी खोल झाली की तिच्यात तोंड दिसायचं. शहरात सुइपिंग रोज ज्या पेटीपुढे उभी राहून बोलायची तिच्याहून ही काही कमी नव्हती. पण हे तिला आज, बसमध्ये, पहिल्यांदा सुचलं. इतकी वर्षं ते दोन काळे रंग तिच्या डोक्याच्या दोन वेगळ्या खोल्यांत होते. एक इतिहास होता आणि दुसरी आईची खोड.

सोंगांच्या पहिल्या बादशहानं आईबापांना जाळायला बंदी केली होती. मिंगांच्या कायद्यात त्यासाठी फटके सांगितले होते. ही माहिती ती कधीमधी प्रौढ पाहुण्यांना देई आणि ते माना डोलावत. बादशहा बदलला की मेलेल्यांनी कूस बदलायची, असा काही हा देश आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिला दचकायला झालं, कारण असले विचार ती करत नसे. जगात कितीतरी लोक आपल्या माणसाला प्रेमानं अग्नी देतात. सासऱ्यांना शहरात विद्युतदाहिनीतच नेलं होतं आणि त्यात तिला काही गैर वाटलं नव्हतं. ती स्वतः तशीच जाणार होती. मग आईचं काय ते एवढं? पण आईचं म्हणजे आईचं. हाडंमांस आईबापांनी दिलेलं, ते जसंच्या तसं परत न्यायचं, असं ज्या बाईला लहानपणापासून शिकवलं, तिला ऐंशीव्या वर्षी तू सांगणार की अगं तसं काही नसतं? सुइपिंगनं काचेवर डोकं टेकलं. काच तापलेली होती.

आई अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत होती. "आज काय सुट्टी?" ती म्हणाली. "का तुझ्या काचेतल्या राण्यांनी संप केला?" तिचा चेहरा आत गेला होता. कपाळाचं हाड, गालांची हाडं, सगळं पुढे आलं होतं, आणि त्यावर कातडी स्वच्छ, तकतकीत ताणली होती. सुइपिंगनं पिशवी ठेवली, चूल पेटवली, शेवया उकळल्या, वर आईच्या हातचंच आंबवलेलं सोयाबीन आणि मिरची घातली, अंडं फोडून टाकलं, आणि वाडगा आईच्या पुढ्यात ठेवला. आईनं वास घेतला. "छान झालंय," ती म्हणाली. "ठेव. मागून खाईन."

"आई, तू काय करतेयस ते मला कळतंय."

"कळतंय ना? मग बरं झालं. समजावून सांगायचा त्रास वाचला."

"अशानं मरशील तू."

"तोंडात साखर पडो तुझ्या," आई म्हणाली आणि शेंगेतले दाणे टोपलीत टाकले. "एक तारखेच्या आत होईल की नाही, तेवढाच घोर आहे. म्हातारं शरीर फार चिवट गं. खुआंगबाईचं बरं, तिला दमा होता."

सुइपिंग ओरडली. काय काय ओरडली ते तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. लेकीचा काही विचार आहे का, नातीचं लग्न व्हायचंय, लोक काय म्हणतील, मी तुला शहरात नेते, दवाखान्यात घालते, नळीनं घालतील अन्न. आई शांतपणे ऐकत राहिली, पोरगी लहान असताना हट्ट करायची तेव्हा ऐकायची तशी. मग म्हणाली, "झालं? बस आता. तुझे बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या कानात सांगितलं, तुम्ही पुढे व्हा, मी माझं घर घेऊन मागून येते. माणूस वर वाट बघत बसलाय. आता मी काय डबीत बसून जाऊ? राखेच्या डबीला ते ओळखणार आहेत का?"

"शहरात सगळे तसेच जातात. मीसुद्धा तशीच जाणार."

"तू जा बाई. तुमचं शहराचं वेगळं. तुम्ही एकमेकांच्या डोक्यावर राहता, मेल्यावर फळीवर ओळीनं डब्या मांडल्या तरी तुम्हाला चालतं. मला आडवं व्हायचंय. आणि तुझ्या आजीला जे मिळालं नाही ते मला पाहिजे. तिच्या वाटचंसुद्धा."

ही आजीची गोष्ट सुइपिंगला आईनं एकदाच सांगितली होती, फार पूर्वी, आणि तीही कापूस पिंजता पिंजता, दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना. सरकारी हुकमानं पोलाद गाळायच्या वर्षी गावोगाव भट्ट्या पेटल्या होत्या आणि जळण संपलं होतं. गाळायला कढया गेल्या, दारांच्या कड्या गेल्या, मग जळणाला दारं गेली, आणि मग तरुण पोरं गाणी म्हणत घरोघर म्हाताऱ्यांच्या पेट्या उचलायला आली. आई तेव्हा ऐन विशीची. आजीची पेटी उचलायला चौघं होते, आई त्यातली एक. तिनं स्वतःच्या आईची पेटी भट्टीपर्यंत वाहून नेली, कारण सगळे नेत होते, आणि खरं सांगायचं तर तिलाही गाणं म्हणताना बरं वाटत होतं. पेटी सुकलेली, रोगण मुरलेलं, भडकन पेटली. पोलाद काही झालं नाही. दुष्काळाच्या वर्षी आजी गेली तेव्हा तिला गवताच्या चटईत गुंडाळून पुरलं. चटई आखूड होती. एवढं सांगून आई म्हणाली होती, "पाय बाहेर राहिले होते गं," आणि पुन्हा कापूस पिंजू लागली होती. तेव्हापासून सुइपिंगच्या मनात आजी म्हणजे दोन पाय होते, बाकी काही नाही.

ती उठून बाजूच्या खोलीत गेली. दार ढकलताच तो वास आला आणि तिच्या गालाला खाज सुटली. या वर्षीचाही हात देऊन झाला होता तर. अंधारात पेटी होती, अंधाराहून काळी. सुइपिंगनं तिच्यावर तळहात ठेवला. थंड होती, मऊ होती, एखाद्या जनावराच्या पाठीसारखी. आपण गाडीत घालून ही कुठं तरी लपवावी, असं तिला वाटलं. पण कुठं? दुसऱ्या मजल्यावर? आणि लपवून काय, पेटी लपेल, पुरणं कसं लपणार? एक तारखेनंतर डोंगरावर नवी माती दिसली की उकरून काढतील. म्हणजे आईचा हिशेब बरोबर होता. त्यात चूक काढता येत नव्हती. पेटी पाहिजे असेल तर आईनं याच महिन्यात मरायला हवं, आणि पेटी आहे तोवर ती मरत राहणार. सुइपिंग तिथं उभी राहून हे पुन्हा पुन्हा मनात फिरवत राहिली, आणि दर वेळी ते तिथंच येऊन थांबत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावच्या कारभाऱ्याकडे, पेंगकडे गेली. पेंग शाळेत तिच्या पुढे होता, नदीत पोहायला त्यानंच तिला शिकवलं होतं. कापूरझाडाखाली तो एकटाच चहा पीत बसला होता. तिनं हातापाया पडून बघितलं, एका म्हातारीचं काय एवढं, राहू दे की एक. "सुइपिंग, मला काय हौस आहे का?" तो म्हणाला. "गाव मला तोंडावर पेंगसाहेब म्हणतं आणि मागून थडगंउकऱ्या. पहिली पेटी कुणाची नेली ठाऊक आहे? माझ्या बापाची. मीच नेली. आपली दिल्याशिवाय दुसऱ्याची कशी मागणार?"

"आणि काका?"

"बोलत नाही माझ्याशी." त्यानं चहाची पानं फुंकून बाजूला केली. "त्यानंही धरलं होतं, तुझ्या आईनं धरलंय ना, तेच. भाताकडे तोंड फिरवून बसायचा. पेटी गेली, दोन दिवस भिंतीकडे बघत पडला, आणि मग उठून मुकाट्यानं जेवला. काय करतो? कशासाठी मरायचं तेच उरलं नाही. आता रोज जेवतो. समोर मी बसलो तर पाठ करून जेवतो, पण जेवतो."

सुइपिंगनं त्याच्याकडे बघितलं. पेंग चहात बघत होता. त्यानं तिला काही सुचवलं होतं की नुसतंच मन मोकळं केलं होतं, ते तिला कळेना, आणि विचारायचा धीर होईना. डोक्यावर झाडात किडे कर्कश किरकिरत होते. तिला आईचा ताणलेला तकतकीत चेहरा दिसत होता. आईनं जगावं असं तिला वाटत होतं, पण कुणासाठी? आईसाठी की स्वतःसाठी? आपल्याला आई हवी आहे, बस, एवढंच. नव्या वर्षाला जायला घर हवं, फाटकाशी उभं असलेलं कुणीतरी हवं. तिला स्वतःची घृणा आली, आणि तरीही ती म्हणाली, "पेंगदादा, गाडी उद्या पाठवता येईल?"

गाडी आली तेव्हा मागच्या हौद्यात आधीच काही पेट्या होत्या, एकावर एक रचलेल्या, काही साध्या लाकडाच्या, एक तांबडी. सुइपिंगनं पहाटेच, आई उठायच्या आत, वहिनीला हाताशी घेऊन पेटीतला भात पोत्यांत भरला होता. आई अंगणातून बघत होती. गाडीवाल्यांनी "कुठली खोली?" म्हणून विचारलं आणि सुइपिंगनं हात करून दार दाखवलं, तेव्हा आईला कळलं. सुइपिंगला वाटलं होतं आई रडेल, पेटीला मिठी मारेल, आपल्याला मारेल. दुसऱ्या गावांत म्हाताऱ्या पेटीत जाऊन झोपल्या होत्या म्हणे, त्यांना उचलून काढावं लागलं. आई तसलं काही करू शकते या भीतीनं रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. पण आई नुसती उभी राहिली. चार माणसं पेटी घेऊन उंबऱ्यात अडली, एक बाजू चौकटीला घासणार, तेवढ्यात आई पुढे झाली.

"कोपरा सांभाळा रे," ती म्हणाली. "रोगण नवं आहे."

माणसं थबकली. त्यांतल्या एकानं, चांगला दांडगा माणूस होता, आपला गळ्यातला पंचा काढून कोपऱ्याला गुंडाळला. मग त्यांनी पेटी बाहेर काढली आणि गाडीत चढवली. आई फाटकापर्यंत गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ती उभी होती. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी सवयीनं विचारलं, "खाल्लंत का, आजी?" आईनं उत्तर दिलं नाही. त्या गावात जन्मात कुणी या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं, आणि विचारणारा माणूस मान खाली घालून भराभर निघून गेला.

दुपारभर आई बाजूच्या खोलीत बसून राहिली. दोन रिकामे बाक आणि मध्ये आई. सुइपिंग दाराबाहेर बसली. आत जायची तिची छाती नव्हती. आपण हे तुझ्यासाठी केलं, हे वाक्य तिनं मनात कितीतरी वेळा जुळवलं, पण ते उच्चारण्याइतकी ती निर्लज्ज नव्हती. ऊन उतरलं. कोंबड्या घरात शिरल्या. गालावरचा चट्टा ती नखांनी खाजवत राहिली, रक्त येईपर्यंत. शेवटी ती उठली आणि भात टाकला, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. भाताला वाफ आली, आणि आई आली. तिनं हात धुतले. टेबलाशी बसली. फडताळातला आपला वाडगा काढून तिनं पुढे सरकवला.

"वाढ," ती म्हणाली.

सुइपिंगनं वाढलं. थोडा भात टेबलावर सांडला. आईनं तो चॉपस्टिक्सनी एकेक शीत करून वेचला, वाडग्यात टाकला, आणि जेवू लागली. भराभर नाही, सावकाश, नीट चावून, मध्ये मध्ये लोणच्याचा तुकडा घेऊन. सुइपिंग बघत राहिली. इतक्या दिवसांनी आई जेवत होती. तिला हवं होतं ते हेच, एवढंच, आणि ते तिला मिळालं होतं. तिला वाटलं आता आपण रडू, पण रडूही येईना.

"हळू खा, आई. पोट दुखेल. रिकामं होतं."

"हळूच खातेय," आई म्हणाली. तिनं मान वर करून लेकीकडे बघितलं, रागानं नाही, प्रेमानं नाही, रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. "आता कसली घाई आहे मला?"

आणि तिनं वाडगा पुन्हा पुढे केला. सुइपिंगनं तो घेतला आणि चुलीकडे गेली. पातेल्यात भात भरपूर होता. पळी हातात धरून ती बराच वेळ तिथंच, आईकडे पाठ करून, उभी राहिली.